मोटरसायकलच्या सीटचं रेग्झिन दुरुस्त करणं

मोटरसायकलच्या सीटचं फाटलेलं, तडकलेलं किंवा शिलाईत उसवलेलं कव्हर सांधणं नाहीतर नवीन चढवणं म्हणजे सीटचं काम, आणि ते करणारा तो सीटवाला किंवा कुशनवाला. महाराष्ट्रात बहुतेक गावांत असं एखादं दुकान असतंच. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टचा मोठा बाजार आहे, तिथे मॉडेलप्रमाणे तयार कव्हरं मिळतात.

सीट तीन थरांची असते. खाली तळ, तो हल्ली प्लॅस्टिकचा असतो, जुन्या येझदी, राजदूत, बुलेटला पत्र्याचा असायचा, त्यावर साच्यात ओतलेला पॉलियुरेथेन फोम आणि सगळ्यात वर रेग्झिन, म्हणजे कापडाच्या अस्तरावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मूळचं कडक, पाण्याचे पाइप त्याचेच असतात. प्लास्टिसायझर घालून ते मऊ करायची पद्धत अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये शोधली. पण हे प्लास्टिसायझर पीव्हीसीशी पक्कं बांधलेलं नसतं, ते वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर पडत राहतं, उन्हात जास्तच, आणि मग रेग्झिन ताठ होऊन तडकतं. सर्व्हिसिंगला डिझेल मारून गाडी चकाचक करतात ना, किंवा कुणी पेट्रोलच्या फडक्याने सीट पुसतं, त्यानेही हेच होतं, चार दिवस चमकतं आणि आतला मऊपणा निघून जातो.

फाटायच्या जागा ठरलेल्या. टाकीजवळचं टोक, कारण तिथे मांड्या घासतात, आणि शिलाईची रेघ, कारण तिथे सुईने आधीच भोकं पाडलेली असतात. चीर बारीक असली तरी पावसाळ्याआधी तिच्याकडे बघाच. फोम पाणी पितो, वरून कोरडी दिसणारी सीट बसल्यावर पाणी सोडते आणि ऑफिसला पोचेपर्यंत पँट ओली, शिवाय तळ पत्र्याचा असेल तर तो आतून गंजत जातो.

छोटी चीर असेल तर नुसतं वरून चिकटवून भागत नाही. जागा साबणपाण्याने धुवून, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, चिरेतून आत कापडाचा तुकडा सरकवायचा, तो चिरेपेक्षा सगळीकडून मोठा पाहिजे, विनाइलसाठीच्या, म्हणजे पीव्हीसीसाठीच्या लवचिक गोंदाने कडा त्यावर समोरासमोर आणून बसवायच्या आणि वर द्रव विनाइलचा पातळ थर द्यायचा. फेविक्विक लावू नका. ते दगडासारखं कडक होतं आणि बसलं की शेजारीच नवीन चीर पडते. पंक्चरचं सोल्यूशनही टिकत नाही, प्लास्टिसायझर रबराच्या गोंदाला मऊ करून सोडवतो. आणि जिथे वजन पडतं तिथे किंवा शिलाईवरच फाटलं असेल तर ठिगळाच्या नादी लागूच नये, कव्हर बदलावं.

बदलताना जुनं कव्हर फाडून टाकायचं नाही, ते तळाला धरून ठेवणाऱ्या स्टेपलरच्या पिना एकेक उचकटून अख्खं काढायचं आणि शिलाई उसवून त्याचेच तुकडे नमुना म्हणून नव्या रेग्झिनवर ठेवून आखायचे. शिवायला घरचं मशीन पुरत नाही, जाड मालाचं मशीन, जाड सुई आणि नायलॉन किंवा पॉलिस्टरचा दोरा लागतो, सुती दोरा पावसात कुजतो. टाका साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवतात, बारीक टाके दिसायला छान पण भोकं जवळजवळ पडल्याने रेग्झिन त्याच रेघेवर फाटतं. शिलाई आतून सील केली तर उत्तमच.

चढवायच्या आधी रेग्झिन उन्हात ठेवून किंवा हीट गनने जरा गरम करतात म्हणजे ते ताणलं जातं. आधी पुढच्या टोकाला मध्यावर पिन, मग मागे, मग दोन्ही बाजूंना आलटून पालटून, एकच बाजू पूर्ण केली तर शिलाई तिरकी जाते. पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि पाय आखूड, प्लॅस्टिकच्या तळाला ६ मिलिमीटर बहुतेक वेळा पुरे, लांब असतील तर पलीकडून टोचत फोममध्ये निघतात. पत्र्याच्या तळाला पिना चालत नाहीत, तिथे बऱ्याचदा कडेच्या दात्यांत कव्हर अडकवून ते दुमडायचे असतात, त्याआधी गंज घासून रेड ऑक्साइड मारलेला बरा.

फोमबद्दल मात्र आग्रहाने सांगतो, कंपनीचा फोम शाबूत असेल तर तो बदलू देऊ नका. तो त्या तळाच्या मापानेच ओतलेला असतो. बसलेला खड्डा भरायला तेवढाच भाग कापून दाट रिबॉन्डेड फोमचा, म्हणजे फोमचा चुरा चिकटवून दाबून केलेल्या फोमचा तुकडा चिकटवता येतो, गोंद दोन्ही बाजूंना लावून जरा सुकू द्यायचा आणि मग दाबायचं, वरून पॉलिशपेपरने उतार काढायचा. फोम ओला असेल तर आधी सावलीत नीट वाळवायचा, दाबून आतलं पाणी काढायचं, आणि वाळल्यावरच पातळ प्लॅस्टिक गुंडाळून कव्हर घालायचं, नाहीतर ओल आत अडकून कुबट वास येतो. तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती नव्या कव्हरखाली झाकली जात नाहीत ना हे शेवटची पिन मारायच्या आधी बघून घ्यायचं.