ग्लोबल मॉडर्निझमची प्राध्यापकी : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या इंग्रजी विभागांच्या नोकरीच्या जाहिराती ओळीने लावून वाचल्या, तर ग्लोबल मॉडर्निझम, म्हणजे परंपरेची चौकट मोडणाऱ्या आधुनिकतावादी साहित्याचा जगभराच्या पातळीवरचा अभ्यास, या विषयाचा इतिहास जवळजवळ आपोआप समोर येतो. नव्वदच्या दशकात जागा निघायची ती ‘विसावं शतक, ब्रिटिश’ किंवा ‘अमेरिकन मॉडर्निझम’ अशा नावाने. कादंबरीकार जेम्स जॉइसवर प्रबंध असला की भागायचं. बाकीचं अभ्यासक्रमात असेल तसं शिकवायचं. २०१० नंतरच्या जाहिरातींत एकाच जागेसाठी विसावं आणि एकविसावं शतक, ग्लोबल अँग्लोफोन (जगभर इंग्रजीत लिहिलं गेलेलं साहित्य), मॉडर्निझम, वसाहतोत्तर साहित्य असं सगळं मागितलेलं दिसतं, आणि वर पर्यावरण किंवा डिजिटल संशोधनात गती असल्यास प्राधान्य. पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं, हे तर न लिहिताच गृहीत धरलेलं असतं. या बदलामागे दोन निराळ्या घडामोडी आहेत. विषय रुंदावला आणि जागा आटल्या. दोन्ही पाठोपाठ झाल्यामुळे पुष्कळदा एकीचं श्रेय किंवा खापर दुसरीवर जातं.

विषय आधी किती अरुंद होता? १९७६ साली इंग्लंडात निघालेल्या आणि पुढे अनेक वर्षं क्रमिक पुस्तकासारख्या वापरल्या गेलेल्या एका लेखसंग्रहाने मॉडर्निझमला १८९० ते १९३० अशी चौकट घालून दिली. त्यात शहरांवर वेगळा विभाग होता : बर्लिन, व्हिएन्ना, प्राग, शिकागो, न्यूयॉर्क, पॅरिस, लंडन. रशियालाही जागा मिळाली. कोलकाता, साओ पावलो, शांघाय यांना नाही. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली, पण त्या चौकटीच्या हिशेबाने ती सेहेचाळीस वर्षं उशिरा आणि भलत्याच गावी लिहिली गेली होती. ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण तेव्हाही फिरत होतं. त्याचा अर्थ मात्र लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशी ये-जा करणारा लेखक एवढाच. १९८४ मध्ये एका वजनदार समीक्षकाने तर व्हर्जिनिया वुल्फलाही या आंतरराष्ट्रीय पंगतीतून उठवलं, ती स्थानिक इंग्रज कादंबरीकार आहे म्हणून. लंडनमध्ये बसून लिहिणारी वुल्फ जिथे प्रादेशिक ठरते, तिथे मर्ढेकरांचा नंबर कुठे लागणार!

ऐंशीच्या दशकात हा विषय काहीसा बदनामही झाला होता. उच्चभ्रूंचं, पुरुषांचं, काही बाबतींत उघड फॅसिस्ट साहित्य, असा शिक्का त्यावर बसला. हुशार विद्यार्थी वसाहतोत्तर अभ्यासाकडे वळत होते. १९९४ मध्ये या विषयाला वाहिलेलं नवं नियतकालिक अमेरिकेत सुरू झालं, १९९९ मध्ये स्वतंत्र संघटना आणि तिचं वार्षिक अधिवेशन आलं, तेव्हा कुठे चित्र पालटलं. २००८ साली अमेरिकेतल्या भाषा-साहित्याच्या प्रमुख नियतकालिकात आलेल्या एका लेखाने या नव्या लाटेचं बारसं केलं. अभ्यास तीन दिशांनी वाढतो आहे, असं त्यात म्हटलं होतं : काळाच्या, प्रदेशाच्या, आणि उच्च-सवंग ही उतरंड मोडून वरून खालीही. २०१२ पर्यंत ‘ग्लोबल मॉडर्निझम्स’ असं अनेकवचनी नाव मिरवणारा जाडजूड संदर्भग्रंथ ऑक्सफर्डहून निघाला होता. आज चाळिशीत असलेले बहुतेक प्राध्यापक त्याच चार-पाच वर्षांत प्रबंध लिहीत होते.

प्रदेशाच्या दिशेने वाढण्याबद्दल फारसं भांडण झालं नाही, कारण पुरावे ढीगभर होते. डिसेंबर १९२२ मध्ये क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेकडून कोलकात्याच्या प्रदर्शनात आली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत साओ पावलोत नव्या कलेचा सप्ताह गाजला. चिनी लेखक लू शुनची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा १९१८ची. आणि स्पॅनिश अमेरिकेत कवी रुबेन दारिओ आणि मंडळी ‘मॉडर्निस्मो’ म्हणून मिरवत होती, तेव्हा इंग्रजी मॉडर्निझमचा प्रमुख कवी एलियट याचा जेमतेम जन्म झाला होता. हे सगळं ‘प्रभाव’ या एका शब्दात गुंडाळून ठेवणं इतक्या उघड माहितीपुढे शक्य नव्हतं.

खरी जुंपली ती सालांवरून. एक बाजू म्हणाली, मॉडर्निझम हा आधुनिकतेला दिलेला प्रतिसाद असेल आणि आधुनिकता ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी पोचली असेल, तर १९३० किंवा १९४५ ही शेवटची रेघ युरोपपुरतीच खरी. सुदानच्या तय्यब सालिहची कादंबरी १९६६ची, कॅरिबियन कवी सेझेरची दीर्घ कविता १९३९ची, आपल्याकडे ‘शब्द’सारखं अनियतकालिक सायक्लोस्टाइल होऊन निघालं ते १९५४ मध्ये. रेघ तिथेच ठेवली तर अर्धं जग ‘नंतर आलेलं’ ठरतं. इथवर मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. पण त्यातूनच पुढची उडी मारली गेली. २०१५च्या एका बहुचर्चित पुस्तकाने आधुनिकता अनेकदा, अनेक ठिकाणी होऊन गेली असं मांडत तांग राजवटीतला चीन आणि आपला कबीर यांनाही या मांडवात आणलं. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा हेतू युरोपला मध्यावरून हलवायचा होता आणि त्यांचं वाचनही अफाट. विरोधकांचा प्रश्न साधा होता : सगळंच आत आलं, तर बाहेर काय उरलं? आणि बाहेर काहीच नसेल, तर हा स्वतंत्र विषय कशासाठी, त्याचा प्राध्यापक कशासाठी?

मराठी वाचकाला या भांडणाचं मोल चटकन कळावं. कबीर आत आला तर तुकाराम का नको? कोलटकरांनी जनाबाई, मुक्ताबाई, तुकाराम यांची इंग्रजी भाषांतरं केली. दिलीप चित्र्यांचा इंग्रजी तुकाराम १९९१ मध्ये आला. मर्ढेकरांनी अभंगाचा घाट घेऊन त्यात कारखान्याचा धूर भरला. ही तिन्ही मॉडर्निस्ट कृत्यं आहेत : विसाव्या शतकातला कवी नजीकच्या रविकिरणी गोडव्याला वळसा घालून जुन्या, रोखठोक बोलीकडे जातो, आपल्या गरजेपोटी. त्यावरून जनाबाईला मॉडर्निस्ट म्हणणं म्हणजे कोलटकरांनी काय केलं तेच पुसून टाकणं. त्यांनी जे अंतर ओलांडलं ते अंतरच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून प्रदेश हवा तेवढा वाढवा, शेवटची रेघ पुढे सरकवा, पण सुरुवातीची रेघ पुसू नका, या बाजूचा मी आहे. हे मत सध्या अल्पसंख्य नाही, पण जाहिरात लिहिणाऱ्यांना ते सोयीचं नाही.

सालांना कायद्याचीही एक बाजू आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. अमेरिकेत १९९८ मध्ये स्वामित्वहक्काची मुदत वाढली आणि १९२३ची पुस्तकं थेट २०१९ मध्ये मोकळी झाली. मधली वीस वर्षं १९२२ हेच फुकट शिकवता येणारं शेवटचं वर्ष होतं. लू शुनची चिनी कथा कितीही मुक्त असली, तरी वर्गात वाचली जाते ती तिच्या विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या भाषांतरात, आणि ते मुक्त नसतं.

इथून भाषेचा मुद्दा येतो. जगाचं साहित्य एकत्र शिकवायची कल्पना इंग्रजी विभागांना सुचण्याच्या पुष्कळ आधी कोलकात्यात तौलनिक साहित्याचा विभाग उभा राहिला होता, १९५६ साली. तो उभा करणारे बुद्धदेव बसू स्वतः नवकवी आणि बोदलेअरचे बंगाली भाषांतरकार. तिथे मूळ भाषा शिकण्यावर भर होता. अमेरिकेतही तौलनिक विभागात तीन भाषांची अपेक्षा जुनीच. इंग्रजी विभागात मात्र परकीय भाषेची परीक्षा शब्दकोश हाताशी घेऊन एक उतारा भाषांतरित करण्याइतकी असते. ग्लोबल मॉडर्निझम वाढला तो मुख्यतः या दुसऱ्या घरात, त्यामुळे त्यात आलेलं जग इंग्रजीतून आलं.

पंधरा आठवड्यांच्या सत्राचा असा अभ्यासक्रम हातात घेऊन पाहा. पहिले दोन आठवडे जाहीरनामे आणि सिद्धान्त. मग कॉनरॅड, मग येट्ससोबत टागोर. लू शुन आणि जपानी कथाकार आकुतागावा मिळून एक आठवडा. वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’ला दोन, कारण ती विद्यार्थ्यांना आवडते आणि नोंदणी टिकते. सेझेर, मग सालिह. अकराव्या-बाराव्या आठवड्यात ‘जेजुरी’ : आकाराने लहान, इंग्रजीत लिहिलेली, राष्ट्रकुलाचा पुरस्कार १९७७ मध्ये मिळालेली, २००५पासून न्यूयॉर्कहून छापलेली आवृत्ती उपलब्ध. शिकवायला सर्व अर्थांनी सोपी. कोलटकरांचाच मराठी संग्रह ‘भिजकी वही’ तिथे पोचत नाही. मर्ढेकरांनी १९३७ मध्ये लंडनहून सौंदर्यशास्त्रावर इंग्रजी पुस्तक काढलं होतं, त्यांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. जॉइसचे खटले रंगवून सांगणाऱ्या वर्गाला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. पण चांगलं, सहज मिळणारं भाषांतर नसेल तर प्राध्यापक काय करील?

आता जागांकडे. २००८च्या मंदीनंतर अमेरिकेत इंग्रजीच्या प्राध्यापकपदांच्या जाहिराती एकदम घसरल्या आणि पुन्हा कधी वर आल्या नाहीत. दहा-बारा वर्षांत त्या निम्म्याहूनही खाली गेल्या. म्हणजे ज्या साली विषयाचं बारसं झालं त्याच साली दुष्काळ सुरू झाला. विभागात ब्रिटिश मॉडर्निझमवाले, अमेरिकन कवितावाले आणि वसाहतोत्तरवाले असे तिघं निवृत्त झाले, की डीनकडून एकच जागा मिळायची. ती एक जागा तिघांचं काम करणारी हवी, आणि ‘ग्लोबल’ हे विशेषण त्या कामी फार उपयोगी पडलं. विषय रुंदावला तो खर्चकपातीसाठी, असं काही जण म्हणतात ते कालक्रमाने चूक आहे. नव्वदच्या दशकातलं काम पैशाच्या ओढाताणीतून आलेलं नव्हतं. पण प्रशासनाला तो रुंदावलेला आयताच सापडला, हे मान्य करायला हवं.

तरुण संशोधकांनी स्वतःला त्याप्रमाणे घडवलं. प्रबंधात एक आयरिश, एक कॅरिबियन, एक भारतीय असा लेखक प्रत्येक प्रकरणात यायला लागला. पीएचडीला सहा-सात वर्षं, मग दोन-तीन ठिकाणी वर्षा-वर्षाच्या नेमणुका, आणि नशिबाने कायम होण्याच्या वाटेवरची जागा मिळाली तर साधारण सहा वर्षांत विद्यापीठीय प्रकाशनाकडून एक पुस्तक. एका भाषेत खोल उतरायला या वेळापत्रकात जागा नाही. ज्यांच्या घरात ती भाषा आधीच होती, त्यांचं मात्र फावलं. मुंबईच्या नवकवितेवर २०१४ आणि २०१६ मध्ये परदेशात जी दोन महत्त्वाची पुस्तकं निघाली, त्यांतलं एक फ्रेंच अभ्यासक बाईंचं, दुसरं मराठी-इंग्रजी दोन्ही कागदपत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्या, अमेरिकेत शिकवणाऱ्या बाईंचं. दुसऱ्यात लघुअनियतकालिकांचा, छपाईचा, मुखपृष्ठांचा जो तपशील आहे तो भाषांतराच्या भरवशावर कुणाला जमला नसता. पाठोपाठ तिथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुंबईच्या कवींची कागदपत्रं जमा होऊ लागली. ती नीट जपली जातात, यात शंका नाही. पुण्याच्या संशोधकाला ती पाहायला व्हिसा लागतो, यातही नाही.

महाराष्ट्रात या नावाची जागा निघत नाही. इंग्रजी विषयाची जागा निघते, तीही बरीच वर्षं भरती अडून राहिल्यावर, आणि तोवर तासिका तत्त्वावर काम. २०१८च्या नियमांनी विद्यापीठ विभागांसाठी पीएचडी सक्तीची केली होती, ती आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये नेट-सेट हीच किमान अट ठरली. त्यामुळे मॉडर्निझमवर प्रबंध करणाराही तयारी करतो ती बहुपर्यायी प्रश्नांची, आणि लागला तर शिकवतो बहुतेक अनिवार्य इंग्रजी. तौलनिक साहित्य हा नेटला स्वतंत्र विषय आहे. महाविद्यालयांत त्याची जागा क्वचितच दिसते. कोलटकर इथे दोन विभागांत वाटले गेले आहेत : ‘जेजुरी’ इंग्रजीकडे, ‘भिजकी वही’ मराठीकडे. दोन्ही शिकवू शकणाऱ्या उमेदवाराला अर्ज मात्र कुठल्या तरी एकाच विभागाकडे करावा लागतो.