पार्श्वभूमी : माहिती वाटणारी सॉफ्टवेअर आणि न वाटणाऱ्या टीम

एका कंपनीत मार्केटिंगच्या चार-पाच टीम असल्या की प्रत्येकीची वेगळी ड्राइव्ह, वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आणि ‘लोगो_फायनल_नवा_३’ नावाची वेगळी फाइल असते. मग वरून फर्मान निघतं, की सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर घ्या. डेमो होतात, तुलनेचे तक्ते बनतात, खरेदीही होते. वर्षभराने त्यात भर घालणारी टीम एकच उरते आणि बाकीच्या आपापल्या ड्राइव्हवर परततात. हा तिढा सॉफ्टवेअरपेक्षा बराच जुना आहे.

मे १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या नील मॅकेल्रॉय यांनी वरिष्ठांना तीन पानी टिपण पाठवलं. ते कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम पाहत आणि त्यांच्या साबणावर त्याच कंपनीच्या आयव्हरीची सावली पडत होती. त्यांनी सुचवलं, की प्रत्येक ब्रँडला स्वतंत्र माणूस द्या, त्याच्या हाताखाली मदतनीस द्या, आणि कोणत्या भागात विक्री का घसरली याचा जाब त्यालाच विचारा. ब्रँड मॅनेजरची पद्धत इथून उभी राहिली आणि जगभर पसरली. एकाच घरातले दोन साबण बाजारात एकमेकांशी भिडू लागले, आणि ते ठरवूनच. टार्गेट, बजेट, बढती सगळं ब्रँडनिहाय. दुकानदारांसाठीची अमुक स्कीम का फसली हे शेजारच्या टीमला सांगून पदरात काय पडणार, या प्रश्नाचं उत्तर या रचनेत नाही.

आपापला हिशोब सांभाळणाऱ्या अशा कंपन्यांत माहिती वाटण्याचं सॉफ्टवेअर बसवण्याचा सुरुवातीचा मोठा प्रयत्न म्हणजे लोटस नोट्स. रे ऑझी यांच्या आयरिस असोसिएट्सने ते बनवलं, १९८९ च्या डिसेंबरमध्ये ते बाजारात आलं, आणि प्राइस वॉटरहाउसने सुरुवातीलाच त्याची १०,००० लायसन्स घेतली. प्रत्येक ऑफिसच्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत असे आणि प्रती ठरावीक वेळाने एकमेकींशी जुळवल्या जात. मधल्या वेळात दोघांनी एकच नोंद बदलली, की दोन्ही नोंदी राहत, एकीवर ‘कॉन्फ्लिक्ट’चा शिक्का बसे आणि निवाडा माणसालाच करावा लागे. तांत्रिकदृष्ट्या हे प्रामाणिकच होतं.

अडलं दुसरीकडेच. संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स कसं रुजतं ते पाहिलं आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथे प्रत्येक तास ग्राहकाच्या बिलावर लावायचा होता, आणि नोट्स शिकायला लागणारे तास कुणाच्याच बिलात बसत नव्हते. शिवाय बढतीसाठी सहकाऱ्यांशीच चुरस होती. अनेकांनी त्याचा वापर ईमेलपुरता केला. आजही निवड समितीने पहिला प्रश्न हाच विचारावा : माहितीचं एक पान लिहायला लागणारा अर्धा तास कुणाच्या कामात मोजला जाणार? उत्तर नसेल तर पुढचे डेमो पाहण्यात अर्थ नाही.

२५ मार्च १९९५ ला वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिलं विकी सुरू केलं. पान कुणीही उघडावं, कुणीही दुरुस्त करावं. ते प्रोग्रामरांसाठी होतं, आणि २००४ चं ॲटलासियनचं कॉन्फ्लुअन्सही त्याच गोत्रातलं. प्रोग्रामरचा माल म्हणजे मजकूर. मार्केटिंगचा माल म्हणजे आर्टवर्क, व्हिडिओ, आणि ‘९९ टक्के जंतू मारतो’ अशा दाव्याचं कायदा विभागाने मंजूर केलेलं वाक्य. ते वाक्य कुणीही ‘जरा सुटसुटीत’ करून चालत नाही. म्हणून विकी घेतलं तर मंजूर दाव्यांची पानं वेगळ्या जागेत, फक्त दोन-तीन जणांना बदलता येतील अशी ठेवावी लागतात.

फाइलींच्या बाजूने मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट २००१ मध्ये आलं. ऑफिस आधीच घेतलेल्या कंपन्यांना ते फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पण आजच्या ऑनलाइन आवृत्तीतही फोल्डरांसकट फाइलच्या पूर्ण मार्गाला ४०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि एका यादीच्या व्ह्यूत ५,००० नोंदींच्या पुढे गाडी अडखळते. खरी मेख साठवल्या जाणाऱ्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्यांत आहे. ३०० एमबीची लेअर असलेली आर्टवर्क फाइल ४० वेळा सेव्ह झाली, की जवळपास १२ जीबी जागा जाते. संस्थेला मूळ १ टीबीवर दर लायसन्समागे मिळतात १० जीबी. डिझाइनच्या लायब्ररीत आवृत्त्यांची संख्या पहिल्याच दिवशी कमी करून ठेवावी.

फोटो आणि फिल्मसाठी डिजिटल ॲसेट मॅनेजमेंटची, म्हणजे ते साठवून शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, वेगळी शाखा वाढली ती हक्कांमुळे. मॉडेलचा करार संपल्यावरही फोटो होर्डिंगवर राहिला तर नुकसानभरपाईची नोटीस येते. त्यामुळे ब्रँड, बाजारपेठ, भाषा, मंजुरी देणारा आणि हक्क संपण्याची तारीख, एवढे पाच रकाने सक्तीचे पुरे. पंधरा केले की लोक यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळे होतात, आणि मग शोधात सगळंच ‘इतर’ म्हणून येतं.

२०१४ मध्ये स्लॅक आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स ही चॅटची सॉफ्टवेअर आल्यावर उत्तरं गप्पांत जाऊन बसली. विचारणाऱ्याला पटकन मिळतं, सहा महिन्यांनी येणाऱ्याला नाही. स्लॅकच्या फुकट योजनेत आधी शेवटचे १०,००० संदेश दिसत, सप्टेंबर २०२२ पासून शेवटच्या ९० दिवसांचेच दिसतात.

घेतलेलं सॉफ्टवेअर जागेवर राहीलच असं नाही, विक्रेतेही हलतात. नोट्स १९९५ मध्ये आयबीएमकडे आणि २०१९ मध्ये भारताच्या एचसीएलकडे गेलं. ॲटलासियनने ग्राहकाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ‘सर्व्हर’ नावाच्या आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला. मेटाने कंपन्यांतल्या संवादासाठीचं वर्कप्लेस बंद करणार असल्याचं त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केलं. म्हणून चाचणीच्या काळातच ५० खरी पानं भरून ती बाहेर काढून पाहावीत. मजकूर बहुधा येतो. आतल्या लिंका, कमेंटी, परवानग्या आणि बदलांचा इतिहास किती येतो ते मोजावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा कोपायलट हा एआय सहायक कंपन्यांच्या हाती आला आणि परवानग्यांचा जुना गलथानपणा उघडा पडला. असा सहायक विचारणाऱ्याला जे पाहण्याची मुभा आहे त्यातूनच उत्तर देतो. पण ‘कंपनीतल्या सर्वांना’ खुलं ठेवलेलं एजन्सीचं दरपत्रक आजवर फक्त कुणाला सापडत नव्हतं म्हणून सुरक्षित होतं. जुनी किंमत यादीही तो तितक्याच ठामपणे वाचून दाखवतो, म्हणून प्रत्येक पानाला मालक आणि पुन्हा तपासण्याची तारीख हवी.

मराठी-हिंदीत मोहिमा चालवणाऱ्या टीमांनी आणखी एक चाचणी करावी, जी विक्रेता स्वतःहून करून दाखवत नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र अनेकदा एक सापडतो, दुसरा नाही. फोनवर टाइप केलेलं पान संगणकाच्या कीबोर्डवरून शोधून पाहावं. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींत तर आत रोमन चिन्हंच असतात, त्यामुळे मराठी शब्द टाकून काहीच हाती लागत नाही. अशा फाइलींना युनिकोडमधले चार-पाच शोधशब्द हातानेच जोडावे लागतात, आणि ते काम कोणत्या टीमचं हे खरेदीच्या आधी ठरवावं लागतं.