मूळ पाप आणि तान्ही बाळं

मूळ पाप, कुणी आदिपाप पण म्हणतं, म्हणजे ख्रिस्ती धर्मातली अशी समजूत की एदेन बागेत आदाम आणि हव्वेनं देवाचं ऐकलं नाही आणि त्याचा डाग पुढच्या सगळ्या पिढ्यांना लागला, ज्यानं अजून डोळे पण नीट उघडले नाहीत त्या बाळाला पण. मग लगेच पुढचा प्रश्न, बाप्तिस्मा, म्हणजे पाणी घालून ख्रिस्ती करून घ्यायचा विधी, व्हायच्या आधीच ते बाळ गेलं तर त्याचं काय? दीड हजार वर्षं झाली याच्यावर डोकेफोड चाललीये. कुठलं चर्च मूळ पापाबद्दल खरं काय मानतं हे बघायचं असेल तर त्याला हाच प्रश्न विचारावा, बाकीचं आपोआप कळतं.

इंदूरच्या मराठी घरात हे सांगायला गेलं की समोरचा हमखास म्हणतो, हां म्हणजे आपलं संचित. नाही हो, संचित आपलं स्वतःचं असतं, मागच्या जन्मी का होईना पण आपणच केलेलं. हे म्हणजे खापरपणजोबानं काढलेलं कर्ज, आपल्याला न विचारता आपल्या नावावर चढवलेलं. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते ते पण नशीब असतं, गुन्हा नाही. आणि सुवेर तर दहा-बारा दिवसांत फिटतं.

बायबलमध्ये "मूळ पाप" हा शब्द कुठेच नाही. आधार देतात तो मुख्यतः येशूचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रातल्या 5:12 चा, आणि तिथेच गंमत आहे. ग्रीक वाक्याचा अर्थ साधारण "कारण सगळ्यांनी पाप केलं" असा लावतात, पण जुन्या लॅटिन भाषांतरात ते "ज्याच्यात सगळ्यांनी पाप केलं" असं उतरलं, म्हणजे आपण सगळे तेव्हा आदामाच्या आतच होतो असा अर्थ निघाला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) लॅटिनच वाचायचा, ग्रीक त्याचं कच्चं होतं, त्यानं हाच अर्थ धरला. उलट बाजूनं यहेज्केल 18:20 आहेच, मुलानं बापाच्या पापाचा भार उचलायचा नाही, हे तिथे स्वच्छ लिहिलंय.

ऑगस्टीनचं भांडण होतं पेलाजियस नावाच्या त्याच्याच काळातल्या एका ख्रिस्ती साधूशी. पेलाजियस म्हणायचा बाळ आदामासारखंच कोरं जन्मतं, पाप प्रत्येकजण आपलं आपण करतो. ऑगस्टीनचा युक्तिवाद बघा, चर्च बाळांना बाप्तिस्मा देतंच, तो पापांच्या क्षमेसाठी असतो, बाळानं तर काही केलेलं नाही, मग क्षमा कशाची? म्हणजे पाप जन्मतःच असणार. थोडक्यात रीत आधी होती, कारण नंतर शोधलं. 418 साली कार्थेजच्या सभेनं पेलाजियसची मतं फेटाळली. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना शिक्षा होतेच, फक्त ती सगळ्यात सौम्य असते, हे ऑगस्टीनचं म्हणणं. सौम्य तर सौम्य, पण कुठल्या आईच्या घशाखाली उतरणार ते?

मध्ययुगात मग लिम्बो निघालं. लॅटिनमध्ये लिम्बस म्हणजे कड, साडीचा काठ असतो ना तसं, नरकाच्या काठावरची जागा. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस म्हणाला की तिथल्या बाळांना काही दुःख नाही, ती आपल्या परीनं सुखी असतात, फक्त देवाचं दर्शन नाही. आज लोक लिम्बोला क्रूर म्हणतात, मला उलट वाटतं, नियम न मोडता दया कशी करता येईल याची ती धडपड होती.

पण आईबापांना तेवढ्यानं काय होतंय. बाप्तिस्मा नसलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र जमिनीत जागा मिळायची नाही, आयर्लंडमध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या, गावाबाहेरच्या दफनाच्या जागा अजून दिसतात. फ्रान्समध्ये तर मेलेलं बाळ खास देवस्थानांत न्यायचे, मूर्तीसमोर ठेवून प्रार्थना करत बसायचे, कुठे गालावर रंग आला, ओठ हलल्यासारखे वाटले की जीव आला असं धरून तेवढ्यात घाईनं पाणी घालायचं आणि मग पुरायचं. रोमनं, म्हणजे पोपच्या दरबारानं, याला मनाई केली तरी लोक जातच राहिले. कॅथलिक नियमात तातडीची सोय आजही आहे, जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाणी, ठरलेले शब्द आणि मनात चर्चचाच हेतू असला की झालं, म्हणजे इंदूरच्या एखाद्या दवाखान्यातली हिंदू नर्ससुद्धा देऊ शकते.

1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात लिम्बोचं नाव नाही, अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवावं एवढंच म्हटलंय. 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं धर्मतज्ज्ञांच्या आयोगाचा एक दस्तऐवज आला, त्यात या बाळांच्या तारणाची आशा धरायला पक्का आधार आहे असं सांगितलं, आशा म्हणजे आशाच, खात्री नव्हे. लिम्बो हा सक्तीचा सिद्धान्त कधीच नव्हता हे पण त्यात आलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चना हा ताप फारसा झालाच नाही, त्यांच्या मते आदामाकडून मरण आणि दुबळेपणा येतो, दोष नाही.

16व्या शतकात रोमपासून फुटलेल्या प्रोटेस्टंटांत लूथर या सुधारकानं बाळांचा बाप्तिस्मा ठेवला, अ‍ॅनाबाप्टिस्टांनी 1525 पासून सोडला, समज आल्यावर स्वतः विश्वास ठेवेल तेव्हा घेईल असं म्हणून. कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या वाटेवरच्यांचा, म्हणजे प्रेस्बिटेरियन वगैरेंचा, जो 17व्या शतकातला वेस्टमिन्स्टर मतपत्र (काय मानायचं त्याची कलमं) आहे त्यात देवानं "निवडलेली बाळं" तारली जातात असं वाक्य आहे, मग न निवडलेली पण असतात की काय यावर खूप वाद झाले आणि शेवटी 1903 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियनांना लिहून द्यावं लागलं की बालपणी गेलेली सगळीच निवडलेली.

इंदूरचा धागा इथे जुळतो. 1877 मध्ये इथे आलेलं कॅनडाचं मिशन, ज्यांनी पुढे क्रिश्चियन कॉलेज काढलं, ते प्रेस्बिटेरियनच होतं, म्हणजे हाच मतपत्र मानणारं. पुढे 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि त्यात प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि बाप्टिस्ट एकाच छपराखाली आले. बाप्टिस्टांना बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही आणि बाकीच्यांना तो हवाच, म्हणून तिथे दोन्ही रिती मान्य ठेवल्यात, कुणी तान्ह्याला पाणी घालतं, कुणी आत्ता नुसता आशीर्वाद घेतं आणि पोर मोठं झाल्यावर त्याला विचारतं.