सुलतानअहमतची लाकडी हॉटेलं आणि गालिच्यांचं वय : पार्श्वभूमी

इस्तंबूलला निघालेला पर्यटक आज जुन्या शहरातल्या सुलतानअहमत भागात, आयासोफिया या प्रसिद्ध प्राचीन वास्तूपासून पायी अंतरावरचं, जुन्या लाकडी घरातलं हॉटेल शोधतो आणि त्याच गल्ल्यांत गालिचे पाहतो. हे सगळं तिथे शतकानुशतकं असंच चालत आलं असावं, असा समज होतो. गालिच्यांबाबत तो अर्धा खरा आहे, हॉटेलांबाबत मुळीच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुखवस्तू युरोपीय पाहुणा सहसा जुन्या शहरात मुक्काम करत नसे. तो गोल्डन हॉर्न या खाडीच्या पलीकडे, पेरा भागात उतरायचा. ओरिएंट एक्स्प्रेसच्या प्रवाशांसाठी बांधलेलं तिथलं प्रसिद्ध हॉटेल १८९२ सालचं. १९५५ मध्ये अमेरिकी धाटणीचं पहिलं मोठं हॉटेल आलं, तेही पलीकडेच. साठ-सत्तरच्या दशकांत सुलतानअहमतच्या स्वस्त खोल्यांमध्ये राहायचे ते मुख्यतः हिप्पी. तेहरान-काबूलमार्गे भारताकडे, पुढे गोव्यापर्यंत जाणाऱ्या प्रवासाची जुळवाजुळव इथेच व्हायची. १९७९ मध्ये इराणची क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला.

आजचं सुलतानअहमत घडलं ते त्यानंतरच्या दहा वर्षांत. १९८२ मध्ये पर्यटनाला उत्तेजन देणारा कायदा झाला. १९८५ मध्ये इस्तंबूलचे ऐतिहासिक भाग जागतिक वारशाच्या यादीत गेले. याच सुमारास आयासोफिया आणि तोपकापी राजवाड्याची भिंत यांच्यामधल्या सोउकचेश्मे गल्लीबद्दल एक निर्णय झाला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

या गल्लीतली लाकडी घरं पार खिळखिळी झाली होती. ती दुरुस्त करण्याऐवजी बहुतेक पाडली गेली. त्यांच्या जागी काँक्रीट-विटांचा सांगाडा उभारून बाहेरून लाकडी फळ्या बसवल्या, फिकट रंग दिले आणि आत हॉटेल सुरू केलं. गल्लीतलं रोमनकालीन पाण्याचं टाकं उपाहारगृह झालं. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस या आंतरराष्ट्रीय सनदेचं म्हणणं असं, की जीर्णोद्धारात नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू आलं पाहिजे. इथे उलट, ते ओळखू येऊ नये अशीच रचना होती. समर्थकांचा युक्तिवादही हलका नव्हता. इस्तंबूलची लाकडी वस्ती आगींनी आणि अपार्टमेंटच्या हव्यासाने झपाट्याने संपत होती. डागडुजीला पैसा नव्हता आणि कुजलेलं लाकूड वाट पाहत नाही. झेय्रेक आणि सुलेमानिये भागांतली खरी लाकडी घरं पुढे कशी ढासळत गेली, हे पाहिलं की या युक्तिवादाचं वजन कळतं.

तरीही माझ्या मते नुकसान मोठं झालं. गल्लीची उंची, रुंदी, वळण वाचलं. घरं वाचली नाहीत आणि त्यांत राहणारी माणसंही गेली. त्याहून गंभीर म्हणजे एक नमुना घालून दिला गेला. पुढच्या वीस वर्षांत आसपासच्या गल्ल्यांत ‘ओटोमन कोनाक’ (म्हणजे जुना वाडा) म्हणवणारी डझनावारी हॉटेलं आली, त्यांतली कितीतरी आतून पूर्ण नवी. याच भागातला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा तुरुंग १९९६ मध्ये आलिशान हॉटेल झाला. त्याच्या विस्तारावरून तर मोठा वाद पेटला, कारण जमिनीखाली बायझंटाइन सम्राटांच्या महाराजवाड्याचे अवशेष आहेत.

गालिच्यांचा इतिहास अर्थातच फार मागे जातो. कोन्या शहरातल्या मशिदीत सापडलेले, ओटोमनांआधीच्या सेल्जुक राजवटीतले गालिचे तेराव्या शतकातले मानले जातात. पण आजच्या दुकानातला वाद रंगांवरून आहे. १८५६ नंतर युरोपातून कृत्रिम रंग आले आणि काही दशकांतच मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून काढलेला अनातोलियाचा, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाचा, लाल रंग मागे पडला. सुरुवातीचे काही कृत्रिम रंग उन्हाने विटायचे, पाण्याने पसरायचे. १९८१ मध्ये वायव्य अनातोलियातल्या आयवाजिक परिसरात एका विद्यापीठाच्या मदतीने नैसर्गिक रंगांचं काम पुन्हा सुरू झालं आणि विणणाऱ्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. ही मला त्या दशकातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते : गालिचा नवा आहे हे न लपवता जुनी रीत जिवंत केली गेली.

बाजाराने मात्र दुसरी वाटही धरली. नवा गालिचा रसायनांत धुऊन, उन्हात टाकून जुना दिसेलसा करतात. हेरेके या गावाचं नाव विणलेले रेशमी गालिचे चीनमधूनही येऊ लागले. हेरेकेचा कारखाना १८४३ सालचा. रेशमी कामात दर चौरस सेंटिमीटरला शंभर गाठी, म्हणजे चौरस मीटरला दहा लाख, हे तिथलं परिचित माप. त्यामुळे त्या नावाला भाव आहे. हॉटेलातून किंवा वाटाड्याकडून दुकानात नेलेल्या गिऱ्हाइकाच्या किमतीत दलाली धरलेली असते, तीही पर्यटनवाढीबरोबर रुळलेली रीत.

हॉटेल निवडताना ताऱ्यांवर फार विसंबता येत नाही, त्याचं कारणही याच इतिहासात आहे. तारे पर्यटन मंत्रालयाच्या परवान्याबरोबर मिळत. लहान घरगुती हॉटेलं बहुधा नगरपालिकेच्या परवान्यावर चालत, तर वारसा-इमारतींसाठी ताऱ्यांविना वेगळा ‘विशेष’ वर्ग होता. २०२१ च्या कायद्याने सर्वांना पर्यटन परवाना सक्तीचा केला. १ जानेवारी २०२३ पासून मुक्कामावर दोन टक्के करही लागू झाला.

गालिच्याच्या बाबतीत १९८३ चा वारसा कायदा महत्त्वाचा. पुरावस्तू ठरणारा गालिचा देशाबाहेर नेता येत नाही आणि जुना दिसणारा तुकडा तसा नाही, हे दाखवायला संग्रहालयाचा दाखला लागतो. त्यामुळे ‘दीडशे वर्षांचा आहे, बॅगेत घालून खुशाल न्या’ असं सांगणारा दुकानदार एकतर गालिच्याच्या वयाबद्दल खोटं बोलतो आहे, नाहीतर गिऱ्हाइकाला विमानतळावर अडचणीत टाकतो आहे.