एचटीटीपी प्रतिसाद-संकेतांक (सुरक्षा एपीआयमधील)

वेबवरील मागणीला सर्व्हर उत्तरासोबत जो तीन अंकी आकडा धाडतो, तो. सुरक्षा एपीआयमध्ये (दुवा किंवा ईमेल धोक्यात आहे का, हे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या सेवेला विचारण्याची सोय) त्याचा अर्थ जपून लावावा लागतो.

हा तीन अंकी साचा वेबच्याही आधीचा आहे. १९९१ च्या सुमाराच्या एचटीटीपी ०.९ मध्ये (एचटीटीपी म्हणजे वेबवरील देवाणघेवाणीचे नियम) संकेतांक नव्हते. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) त्यांची यादी दिसते. घडण बहुधा एफटीपी या फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवरून घेतलेली. जॉन पोस्टेल यांच्या जून १९७४ च्या आरएफसी ६४० मध्ये ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरता नकार आणि ५ म्हणजे कायमचा. एचटीटीपीत मात्र ४ म्हणजे विचारणाऱ्याची चूक, ५ म्हणजे सर्व्हरची; त्यामुळे ‘पुन्हा विचारून पाहावे का’ याचे उत्तर जवळजवळ उलटे झाले. ४०४ (‘मागितलेले सापडले नाही’) हा वेबचे जन्मस्थान असलेल्या सर्न या संशोधन संस्थेतील एका खोलीचा क्रमांक, ही कथा तिथेच काम केलेल्या रॉबेर कायो यांनी फेटाळली आहे व तेच ग्राह्य वाटते. ४०० पासून ओळीने मोजले की पाचवा ४०४ च येतो.

सुरक्षा एपीआयचा २०० ‘विनंती पोचली’ एवढेच सांगतो. धोकादायक दुव्यांची यादी ठेवणाऱ्या गूगल सेफ ब्राउझिंगच्या चौथ्या आवृत्तीत २०० सोबत रिकामे उत्तर आले, तर दुवा धोक्याच्या यादीत नाही इतकेच समजावे. फुटलेल्या माहितीत आपला पत्ता आहे का हे सांगणाऱ्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’मध्ये ईमेल तपासताना ४०४ ही चक्क आनंदवार्ता असते: पत्ता नोंदलेल्या गळतींत सापडला नाही. विनंत्यांची मर्यादा ओलांडली की फायली व दुवे तपासणाऱ्या व्हायरसटोटलची जुनी दुसरी आवृत्ती २०४ देई, तिसरी ४२९ देते. ४२९ हा २०१२ च्या आरएफसी ६५८५ मधला. ४ ने सुरू होत असूनही इथे थोडे थांबून पुन्हा विचारता येते. ४०१ आल्यास आपली एपीआय-की (सेवा वापरण्यासाठी मिळालेली गुप्त ओळखखूण) तपासावी. ४०३ म्हणजे मागणी समजली, पण परवानगी नाही.

ग्रामीण विदर्भात सेतू केंद्रावर या साऱ्यांना एकच नाव आहे. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेला दुवा कास्तकार दाखवतो, चालक तो तपासणीच्या चौकटीत टाकतो, पडद्यावर ५०३ (‘सेवा सध्या उपलब्ध नाही’) उमटतो आणि उत्तर मिळते, “सर्वर डाऊन हाये भाऊ, दुपारून येजा.” ५०३ ला हे लागूही पडते. पण लाइन जाऊन राऊटर बंद पडला तरी हेच उत्तर, आणि तेव्हा तर विनंती गावाबाहेरही पडलेली नसते. संकेतांक येतच नाही.