तगादा

मुदत उलटलेले येणे मागण्यासाठी व्यापाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने देणेकरी दुकानदाराच्या दारी जाणे म्हणजे तगादा. ‘वसुली’प्रमाणे हाही शब्द अरबी मुळाचा, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. आजची पेठ ‘पेमेंटला जाऊन येतो’ एवढेच म्हणते.

याचा जुना, उग्र अवतार म्हणजे धरणे. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि त्या उपासाचे पाप घरावर येईल या धास्तीने पैसे निघत. 1860 च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाचा धाक घालण्याबद्दल कलम 508 होते. त्याचे पहिलेच उदाहरण दारात धरणे धरणाऱ्याचे होते.

घाऊक पेढीवर हे काम पूर्वी दिवाणजीकडे असे. आता बहुधा ऑर्डर घेणारा सेल्समनच थकीत बिले, खातेउतारा आणि पावतीपुस्तक पिशवीत टाकून निघतो. वेळ साधणे महत्त्वाचे. भवानी होण्याआधी शेठ गल्ल्यातून पैसे काढत नाहीत, आणि दिवेलागणीनंतर लक्ष्मी बाहेर पाठवायची नसते. मधली जेवणाची सुट्टी वजा केली, की हाती उरतात चार-पाच तास.

‘शेठ बाहेर गेलेत’ हे ठरलेले उत्तर. मुरलेला माणूस त्यावर उठत नाही. चहा घेतो, आणि फळीवर आपला माल किती उरला ते नजरेने मोजतो. फळी रिकामी असेल तर ‘धंदाच नाही’ ही सबब टिकत नाही. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवणारा एकदा पैसे आणतो, पण खाते कायमचे घालवतो. खरा दाब पुढच्या मालाचा: जुने मिटवा, नवे उचला.

पूर्ण रक्कम क्वचितच मिळते. तरी ‘खात्यावर पाच हजार द्या’ या विनवणीत शहाणपण असते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा 3 वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने बाकी सहीनिशी कबूल केली, तर 1963 च्या मुदत कायद्यानुसार मोजणी नव्याने सुरू होते. देणेकऱ्याच्या लेखी नोंदीसह आलेल्या अंशतः भरण्यालाही तेच लागू. म्हणून खातेउताऱ्यावर ‘बाकी बरोबर’ असे लिहून घेऊन सही-शिक्का मिळवणे, ही रिकाम्या हाताने परतणाऱ्याचीही कमाई. पुढच्या तारखेचा चेक मिळाला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते.

सूक्ष्म व लघु उत्पादकांना 2006 च्या कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळण्याचा आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क दिला आहे. पण नेहमीच्या पार्टीला व्याजाचे बिल पाठवायला सहसा कोणी धजावत नाही.

आयकराचे वर्ष मार्चला संपत असले, तरी जुन्या पेढ्यांवर फेऱ्यांचा जोर दसऱ्यानंतर चढतो. लक्ष्मीपूजनाच्या आत आले ते आले. उरलेले पाडव्याला नव्या वहीत ‘मागील बाकी’ म्हणून चढते.