अर्बुदसंबद्ध मेंदूदाह

शरीरात मेंदूबाहेर कुठेतरी असलेल्या गाठीमुळे (अर्बुदामुळे) रोगप्रतिकारशक्ती मेंदूवर उलटून होणारा आजार. वैद्यकीय भाषेत याला पॅरानिओप्लास्टिक एन्सेफलायटिस म्हणतात. कर्करोग मेंदूत पसरलेला नसतो. एरवी चेतापेशींत आढळणारी प्रथिने गाठीच्या पेशींतही तयार होतात, आणि त्यांच्याविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे (परक्या घटकांना चिकटणारी संरक्षक प्रथिने) व टी-पेशी (लक्ष्य पेशींवर थेट हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मेंदूवरही हल्ला करतात. गाठ अनेकदा इतकी लहान असते की स्मरणशक्ती जाणे, झटके येणे किंवा वागणे बदलणे हीच कर्करोगाची पहिली खूण ठरते. १९६८ मध्ये ब्रिटिश मेंदूविकृतितज्ज्ञ कॉर्सेलिस व सहकाऱ्यांनी हा संबंध मांडून ‘लिंबिक एन्सेफलायटिस’ (स्मृती व भावनांशी निगडित मेंदूभागाचा दाह) हे नाव रूढ केले.

प्रतिपिंडे कशाला चिकटतात, यावर रुग्णाचे पुढे काय होणार हे बरेचसे अवलंबून असते. फुप्फुसाच्या स्मॉल सेल या प्रकारच्या कर्करोगातील अँटी-हू प्रतिपिंडांचे लक्ष्य पेशीच्या आत असते. तेथे खरे नुकसान टी-पेशी करतात आणि मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. वृषणाच्या गाठीशी संबंधित अँटी-एमए२ प्रतिपिंडेही याच गटातली.

पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) लक्ष्य करणाऱ्या प्रतिपिंडांची गोष्ट बरीच आशादायक आहे. चेताविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ यांच्या गटाने २००७ मध्ये एनएमडीए या चेतापेशींवरील ग्राहीविरोधी मेंदूदाहाचे वर्णन केले. हा प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो. त्यांतील अनेकींच्या बीजांडकोशात टेराटोमा सापडतो. केस, दात, चरबी यांच्याबरोबर या गाठीत चेताऊतीही असते. सुरुवातीला ताप, डोकेदुखी. मग झोप उडते, संशय, भास, असंबद्ध बोलणे सुरू होते. पुढे झटके, ओठ-जिभेच्या सतत चालणाऱ्या हालचाली, शरीर ताठरणे, श्वास मंदावणे. सुरुवातीची लक्षणे मानसिक असल्याने रुग्ण आधी मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचतात, आणि त्यात मोलाचा वेळ जातो. तरुण व्यक्तीत अचानक मनोविकृती आणि झटके एकत्र दिसले, तर या आजाराचा विचार व्हायलाच हवा.

एमआरआय निर्दोष असला तरी निदान बाद होत नाही. पाठीच्या कण्यातील द्रवात प्रतिपिंडे शोधावी लागतात. गाठ काढणे हा उपचाराचा गाभा. जोडीला स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे, आणि गरज पडल्यास रिटुक्सिमॅब हे रोगप्रतिकारशक्ती दडपणारे औषध. एनएमडीए प्रकाराच्या ५७७ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे ८१ टक्के रुग्णांची प्रकृती चांगली होती. कर्करोगाशी घट्ट निगडित प्रतिपिंडे असूनही गाठ सापडली नाही, तर दोन वर्षे दर चार ते सहा महिन्यांनी शोध चालू ठेवतात.